त्याच अटींवर

देवासात गाव एक आणि राजे दोन. रस्त्याच्या अलीकडे धाकटी पाती, पलीकडे थोरली. धाकट्यांचा शिलेखाना, म्हणजे हत्यारांचं कोठार, रघुजीकडे, आणि थोरल्यांचा त्याच्याच साडूकडे, बळवंतरावाकडे. आता सांगा, माणसाला अन्न गोड लागावं कसं?

त्या साली इंग्रजांच्या छावणीतून थोरल्यांना वीस चकचकीत बंदुका मिळाल्या. बळवंतराव रोज सकाळी त्या ओट्यावर मांडून तेल लावायचा, तेही मुद्दाम रघुजीकडे तोंड करून. रघुजीचा नुसता जळफळाट व्हायचा. दसऱ्याला थोरल्यांची तोफ वाजलीच नाही, तेव्हा तर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे आता यांना जुनी तोफ डागायचीही लाज वाटते! धाकट्यांची तोफ तीस वर्षं तोच डागत होता. त्या दिवशी ती एकटीच वाजली, तिच्या आवाजावर गाव सीमोल्लंघनाला निघालं, पण पलीकडच्या बंदुकांपायी रघुजीला त्याचं सुख लाभलं नाही.

त्यानं दिवाणांचे कान भरले. "जे थोरल्यांना, ते धाकट्यांना. रिवाजच आहे आपला."

अर्जात लिहिलं, 'थोरल्यांना ज्या अटींवर, त्याच अटींवर.' अटी कोणत्या, हे विचारायला साडूच्या दारात जावं लागलं असतं. तो मेला असता, पण गेला नसता.

पुढच्या दसऱ्याला आठ दिवस असताना बंदुका आल्या, सोबत करारही. दिवाण वाचू लागले, "छावणीला विचारल्यावाचून दुसऱ्या दरबाराशी पत्रव्यवहार करू नये." म्हणजे रस्त्यापलीकडे चिठ्ठी धाडायची तरी ती आधी छावणीत जाणार! "घोडे छावणीतच राहतील. रघुजी, आपण घोडे कधी मागितले?"

रघुजीनं बंदूक उचलून पाहिली. चाप होता, वरचा घोडा नव्हता. बार उडणारच नव्हता.

"आणि जुनी तोफ छावणीत जमा करावी," दिवाणांनी संपवलं.

दुसऱ्या दिवशी बैलांनी तोफ ओढत नेली. बळवंतराव ओट्यावरून उतरून रस्त्यात आला.

"ठाऊक होतं तर बोलला का नाहीत?" रघुजीनं विचारलं.

"गेल्या दसऱ्याला तुमची तोफ वाजली ना, रघुजीभिया, तेव्हा मी कानांत बोटं घालून मागच्या खोलीत बसलो होतो," बळवंतराव म्हणाला. "वाटलं, हीपण जावी."

दसऱ्याला दोघांनी आपापल्या ओट्यावर मुक्या बंदुकांची पूजा मांडली. दुपार टळली, तरी गाव सवयीनं तोफेची वाट पाहत दारात उभं होतं.