रेच्याचा मान

बसा बायांनो, जरा गप बसा. नव्या आल्या हाव तर आधी ऐका, मंग कापसाला हात लावा. ह्यो पयला रेचा. एका बाजूनं कापूस घालायचा, रूळ त्याला आत वढत्यात, पल्याड रुई पडती आन खाली सरकी. ह्याच्या तोंडावर ही लाकडी फळी हाय ना, ती कुणी काढ म्हणलं तर काढायची न्हाई. मालक म्हणला तरी न्हाई. कावून, ते माझ्या ह्या थोट्या हाताला इचारा.

दहा वर्सांमागं माजलगावात हे कापसाचं जीन नवंच झालतं. मालक विठ्ठलराव, मोठे जमीनदार. माझा नवरा आश्रुबा त्यांच्या शेतावर सालगडी, आन मी ह्याच रेच्यावर रोजानं. हंगाम असा की कापसाच्या गाड्या पार सिंदफणेच्या पात्रापस्तोर उभ्या. एक दिवस मालक आले आन म्हणले, "फळीमुळं बायांचा हात हळू चालतो. काढा समद्या फळ्या." इंजिनावरचा शहादेव बार्शीच्या गिरणीत राबून आलेला. त्यो तवाच म्हणला, "मालक, रुळाला कापूस कोणता न् हात कोणता ते कळत न्हाई." "तू तुझं इंजिन बघ बे!" म्हणून मालकानं त्याला गप केलं. वीसच्या वीस फळ्या निघाल्या.

माघात, भर दुपारी, माझ्या बांगडीत कापसाचा पुंजका अडकला. पुंजका रुळानं वढला आन त्याच्यासंगं मला. मी कशी वरडले ते मला आठवत न्हाई, पर दगडाबाई, माझी सासू, अजून सांगती की वेशीपस्तोर ऐकू गेलतं. शहादेवानं वाफ बंद करूस्तोर व्हायचं ते झालतं. सरकारी दवाखान्यात कोपराखालून हात काढला.

पंचनाम्याला अमीन आला, पोलिसातला अंमलदार. आन मालकानं काय सांगावं? डोळे मिटून, हात जोडून म्हणला, "साहेब, यंत्र म्हंजे देवी. पयल्या वर्सी आमी तिला बोकड दिला न्हाई. तिनं तिचा बळी घेतला. ह्यात माणसाचा काय कसूर?" समद्यांनी माना डोलावल्या. डोलावतील न्हाई तर काय करतील, पोट हितंच की! अमिनानं तसंच लिहून घेतलं आन खाली मालकाची सही घेतली. वर ह्या मुडद्या मालकानं मला चारचौघांत साडीचोळी दिली, वटी भरवली, आन म्हणला, "भिवरे, नशीबवान हाईस. देवीनं तुला निवडली." आग लागो त्या निवडीला! पर बाई मी, वटीतला नारळ सांभाळीत घरी गेले.

एका हातानं भाकर थापून बघा कधी. पीठ मळाय येतं, गोळा व्हतो, पर थापताना परात गरागरा फिरती. म्हातारी सासू माझ्यासाठी भाकरी थापायची आन मी चुलीम्होरं बसून रडायची. रोज गेला, कुणी खुरपायलाबी बोलवंना. तवा शहादेव घरी आला आन म्हणला, "वहिनी, बार्शी इंग्रजाच्या हद्दीत हाय. तिथं कामावर हात गेला तर मालकाला भरपाई द्यावी लागती. कायदाच झालाय तसा. तुमी मागा तर खरं."

गेले मागाय. मालक वसरीवर पान खात बसलेले, भवती चार मानसं. म्हणलं, "मालक, फळी तुमी काढाय लावली. माझ्या हाताची भरपाई द्या." त्यो हासला. म्हणला, "बार्शी इंग्रजाची. ही मोगलाई हाय, हितं न्हाई तसला कायदा. आन माझ्याकडं कावून मागती? हात देवीनं घेतला. देवीकडं माग!" समदी वसरी खदाखदा हासली. पल्याड गोठ्यात माझा आश्रुबा शेणाची पाटी उचलीत व्हता. त्यानं ऐकलं आन मान खाली घातली. हात तुटला तवा जेवढं दुखलं न्हाई, तेवढं त्या खाली घातलेल्या मानेनं दुखलं. त्याच दिशी मी मनात म्हणलं, विठ्ठलराव, देवीकडंच मागते. बघच आता.

माझं म्हायेर केजच्या अंगाला. तिथल्या तळ्याला पाणी लागंना म्हून मागल्या काळी एका सुनेचा बळी दिलता म्हणत्यात. खरं खोटं ते तळं जाणे. पर त्या घराचा निवद पयला आन मंग गावाचा, ही रीत आजबी कुणी मोडत न्हाई. ज्याचा बळी त्याचा मान. पाटलालाबी तिथं थांबावं लागतं. हे मला एकदा आठवलं आन मंग रातंदिस दुसरं काई सुचंना. खंडेनवमीची वाट बघत बसले.

खंडेनवमीला रेच्यांची पूजा, मंग हंगाम सुरू. झेंडूच्या माळा लागल्या व्हत्या. इंजिनाला वाफ धरली व्हती, गाड्या दारापस्तोर आलत्या, नारळ मालकाच्या हातात. मी मालकानं दिलेली तीच साडी नेसून आत गेले आन ह्या रेच्याम्होरं मांडी घालून बसले. म्हणलं, "थांबा. बळी माझा गेलाय. पयला मान माझा."

"ऊठ गं!" मालक खेकसला. "कसला मान?"

म्हणलं, "सरकारी कागदावर तुमचीच सही हाय, देवीनं बळी घेतला म्हून. साडीचोळी तुमीच दिली, वटी तुमीच भरवली. का ते खोटं व्हतं? खोटं असंल तर चला अमिनाकडं, नवा पंचनामा करू. फळी कुणी काढली ते लिहू द्या त्याला."

दगडाबाई म्हातारी उठली आन माझ्याशेजारी येऊन बसली. तिच्या मागनं एकेक बाई रेचा सोडून उठली. "बळीचा मान मोडून रेचा चालवला तर उंद्या आमचा हात जाईल बाई," अशी कुजबुज झाली. गाडीवाले आत डोकावाय लागले. इंजिन फुसफुस करतंय, कापूस उन्हात पडलाय, आन एकबी हात हलंना. खरं सांगू? देवीनं काई केलं न्हाई हे मला पक्कं ठावं व्हतं. मी मनात तिची माफी मागितली. म्हणलं, आई, तुझं नाव आधी त्यानं वापरलं, आता मला वापरू दे.

मालक घामाघूम. हळूच म्हणला, "बरं, काय पायजे तुला?"

"मला न्हाई, देवीला पायजे. माझा हात जिथं गेला तिथं तुमी आपल्या हातानं कुंकू लावा. वरनं न्हाई. पार आत, रुळाला."

कुंकवात बोटं बुडवून त्यानं हात आत घातला. कोपरापस्तोर हात आत गेला तवा मी इंजिनाकडं बघितलं. शहादेव माझ्याकडंच बघत व्हता. मी खूण केली न्हाई, देवाशप्पत न्हाई. पर त्यानं कळ बोटभर सरकवली. पट्टा खाडकन वाजला, रूळ जरासा फिरला आन लगीच थांबला.

"फळी! फळी लावा!" विठ्ठलराव असा किंचाळला, अगदी माझ्यावानी. हात वढून मागं कापसाच्या ढिगात बसला. नखाला खरचटलंबी नव्हतं. तरी हात छातीशी धरून हमसून हमसून रडला. आन मी, बाई माणूस, पोटभर बघितलं त्याला. असं सुख मला कुण्या सणाला झालं न्हाई.

म्हणलं, "ऐका समदे. मालक म्हणत्यात फळी लावा." सुतार तिथंच बसला, आन दिवस मावळायच्या आत वीसबी रेच्यांवर फळ्या लागल्या. मालकानं मंग अमिनाम्होरं करारनामा लिहून दिला. मी जगंन तवर हंगामभर माझा रोज मला घरी पोचायचा, आन ह्या जीनात कुणाचं अंग तुटलं तर त्यालाबी तसाच. मान म्हून द्या का भरपाई म्हून द्या, मला नावाशी काय करायचंय!

तवापासनं दर खंडेनवमीला मी हितं बसते, आन मालक आत हात घालून कुंकू लावतो. ते मी सोडलं न्हाई. वाफ धरलेली पायजे, शहादेव कळीपाशी पायजे, आन तेवढ्यापुरती ह्या एका रेच्याची फळी काढलेली पायजे. नऊ वर्सांत पूजेच्या वक्ताला शहादेवानं कळीला पुन्यांदा बोट लावलं न्हाई. पर ते मालकाला कुठं ठावं? आता म्हातारा झालाय, आठ दिस आधीपासनं त्याला जेवण जात न्हाई म्हणत्यात.

काल घरी आलता. आश्रुबानं त्याला खाटेवर बसवलं. माझ्याम्होरं पागुटं काढून म्हणला, "भिवराबाई, लई झालं. औंदा तरी मला सोड."

मी म्हणलं, "मालक, माझ्याकडं कावून मागता? देवीकडं मागा."

उठा आता, आज खंडेनवमी. आला बघा त्यो. जागा द्या मालकाला.