पऱ्हाट्यांखालची विहीर

"मावशी, पऱ्हाट्यांले हात लावू नको!" मी फाटकातूनच ओरडलो.

पण आयशाबी ऐकेल तर शप्पथ. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग ती दोन्ही हातांनी उपसत होती आणि खालून विहिरीचा काठ दिसू लागला होता. अंगणात निंबाखाली सरकारी मोजणीवरचा डोंगरसिंग खलाशी पडला होता. डोळे पांढरे, अंग तव्यासारखं तापलेलं. मोजणीची साखळी ओढता ओढता तो गढीवर कोसळला आणि ओव्हरसिअर साहेबाने त्याला उचलून जवळच्या घरात आणलं. ते घर नेमकं आयशाबीचंच असावं, याला काय म्हणावं!

"ठराव विसरली काय?" मी जवळ जाऊन दबक्या आवाजात विचारलं.

"आदमी मरून राह्यला, बापूजी, आन तुले ठराव आठवते? माठात तांब्याभर पानी हाय. तेवढ्यानं ह्याचं डोस्कं तरी भिजन काय? दोर धर!"

ठराव असा होता. एकोणीसशे एकोणसाठचं साल. आमचा गढीपुरा म्हणजे पडक्या गढीच्या तटाला पिढ्यान्‌पिढ्या टेकलेली तीसेक घरं, रंगाऱ्यांची, पिंजाऱ्यांची, आमच्यासारख्यांची. सरकारच्या मनात आलं की गढीवर मोठा बगीचा करायचा, रंगीत कारंजी उडवायची. नागपूर-मुंबईचे लोक मोटारी भरभरून बघायला येतील. आमची घरं तेवढी मधे येत होती. मी कापसाच्या जिनात मापाडी, पण अक्षर बरं, म्हणून विरोधाचे अर्ज मीच लिहिले. तीन अर्ज गेले, उत्तर एकाचंही नाही. मग कळलं, साहेबाचं गाडं पाण्यावर अडलंय. गढीवर तीन ठिकाणी खोदलं, तिन्हीकडे काळा पत्थर. पाणी नाही तर कारंजं नाही, आणि कारंजं नाही तर आमची घरं जागच्या जागी!

तेव्हा मोहल्ल्याचे कारभारी सदाशिवराव म्हणाले, "आयशाबीच्या अंगनातली विहीर झाकून टाका. साहेबाले कोनं खाट द्यायची नाई, पानी द्यायचं नाई. एवढा उन्हाळा काढा, मंग जाते तो आपल्या वाटेनं."

आयशाबीचा नवरा भिश्ती. त्याच्यामागेही सारा मोहल्ला त्याच विहिरीवर जगत होता. ठरावानंतर आम्ही पहाटेच, साहेब यायच्या आत, पऱ्हाट्या सारून पाणी भरून घ्यायचो आणि विहीर पुन्हा झाकायचो. पऱ्हाट्यांचा पहिला भारा मीच टाकला होता.

आणि आता दोर माझ्याच हातात. काय करणार? ओढला. गडगडी लपवून ठेवलेली, त्यामुळे दोर नुसता तळव्यांतून सरकत होता. वीस-बावीस बादल्या काढल्या असतील. आयशाबी ओतत होती, मधेच तळपायांना कांदा चोळत होती. शेवटी डोंगरसिंगने डोळे उघडले आणि "माय" म्हणाला. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला.

साहेबही गिलासभर प्यायला. मग विहिरीत वाकून बघत म्हणाला, "बाई, वैशाखात एवढं पाणी? आटत नाही का कधी?"

मी आयशाबीला डोळ्यांनी खुणावलं. पण जन्मभर पाणी पाजलेली बाई. त्या पाण्याची निंदा तिच्या तोंडून निघेना.

"आटन काहून, साहेब? दुष्काळात बी नाई आटली. माह्या मालकानं साऱ्या गावाले पाजलं हे पानी."

साहेबाने खिशातून वही काढली.

संध्याकाळी पारावर मोहल्ला जमला. सदाशिवरावांनी विचारलं, "पऱ्हाट्या कोनं काढल्या?"

"म्या," आयशाबी म्हणाली.

"आन पानी कोनं काढलं?"

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "म्याच."

साठ वर्षांच्या बाईने गडगडीवाचून वीस बादल्या ओढल्या, आणि एकालाही नवल वाटू नये! मी सोललेले तळवे काखेत दाबून बसलो होतो. बोलता आलं असतं. बोललो नाही. भ्यायलो, दुसरं काही नाही.

दोन वर्षांत कारंजी उडाली. घरं पाडली. आम्हाला नेरच्या रस्त्याला, माळावर जागा दिल्या. तिच्या विहिरीवर आता जाळी आणि इंजिन आहे. आम्हाला एकच नळ, तोही मचूळ. आयशाबी रांगेत लागते तर बाया हातभर सरकून उभ्या राहतात. तिला आता बगीचेवाली म्हणतात. तरी रोज सकाळी ती दारात माठ भरून ठेवते, वर गिलास पालथा. जाणाऱ्या-येणाऱ्याने प्यावं म्हणून. कोणी पीत नाही. दिवस मावळला की भरला माठ ती निंबाच्या रोपट्याला ओतते.

परवा दुपारी जिनातून येत होतो. घशाला कोरड पडली होती. ती उंबऱ्यात बसली होती.

"बापूजी, पानी पे जरासक."

समोर सदाशिवरावांचं दार उघडं होतं.

"तहान नाई, मावशी."

तिने भरलेला गिलास हळूच माठात रिकामा केला. मग इकडेतिकडे बघून, कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "हाताचे घाव भरले का रे तुह्ये तेव्हाचे?"

"भरले."

"बरं झालं," ती म्हणाली आणि तिने माठावर झाकण ठेवलं.