कोरडा भुसा

ताई प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे साफ करायची, आणि त्या कामाची किळस तिला कधी आली नव्हती. मॉर्फिनची सवय लावून मग ते अचानक तोडलेले उंदीर पाण्यासारखं हगत, दात वाजवत, ओल्या कुत्र्यासारखं अंग झाडत. ती त्यांना कोरडा भुसा घालायची, "बिचारी पोरं" म्हणायची. प्रयोग करणारे सर सांगत, "मॉर्फिन तोडलं की मेंदूतलं मन ताळ्यावर ठेवणारं रसायन, सेरोटोनिन, खाली बसतं. त्याबरोबर जीवही खाली बसतो, आणि उंदीर पुन्हा नशेच्या नळीकडे धावतो. याच दिवसांत त्याला सावरलं तर तो टिकतो का, तेच आपण बघतोय."

किळस तिला यायची ती धाकट्या भावाची. पाठीच्या दुखण्यावर सुरू झालेल्या, मॉर्फिनच्याच जातीच्या गोळ्यांनी त्याला गिळलं होतं. "ताई, सोडल्या," हे ऐकून तिचे कान किटले होते. दरवेळी पहिले पाढे पंचावन्न. आज त्याची बॅग भरून दाराशी ठेवूनच ती कामावर गेली होती. आल्यावर त्याला घालवायचाच.

दार उघडलं तर वास अंगावर आला. चादर, गादी, लेंगा, सगळं बरबटलेलं. उशीपाशी वांती. 

"घाणेरड्या, ऊठ आणि चालता हो."

"जातो ताई. जरा पाय थरथरायचे थांबू देत. या वेळी खरंच सोडल्यात."

"हे सोंग पुरे झालं."

तिने चादरीचं टोक चिमटीत धरून ओढलं. त्याच्या उघड्या पाठीवर काटा उभा होता. दात वाजत होते. मग त्याने अंग झाडलं, मानेपासून कमरेपर्यंत.

ती जागच्या जागी थांबली. गोळी पोटात असली की त्याचं पोट कोंडलेलं असायचं, हे तिला ठाऊक होतं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही म्हणतात. या जुलाबांचंही येत नाही. गाढव खरं बोलत होतं, आणि नेमकं आजच ती त्याला कोपऱ्यावर चोरून गोळ्या विकणाऱ्याच्या तोंडी द्यायला निघाली होती.

तिने व्यसनमुक्ती केंद्रात फोन लावला. तिथले डॉक्टर म्हणाले, "पाणी पाजत राहा आणि लगेच घेऊन या. औषध सुरू करू."

"बॅग कशाला भरलीस?" त्याने विचारलं.

"केंद्रात लागेल ना," ती म्हणाली आणि त्यातलाच धुतलेला लेंगा काढला.

उंदरांच्या पाठीवरून ती उघडा हात फिरवायची. भावाचं अंग पुसायला मात्र तिने हातमोजे चढवले. पुसून होईपर्यंत तिला किळस येत राहिली, त्याची कमी आणि स्वतःची जास्त.