गल्ल्यावरचा अंगठा

फोन केव्हाच बंद झाला होता, तरी मामांनी तो कानापासून काढला नव्हता. काचेच्या आत ते, काचेबाहेर त्यांची भाची. आणि दोघांमधल्या ज्या अर्धगोल फटीतून एके काळी दिवसभर नोटांची ये-जा चाले, तिच्यातून आता नुसती शांतता आत-बाहेर करत होती. मामांना कमी ऐकू येई, म्हणून फोनचा आवाज मोठा असे. मामेभावाचे बोलणे तिनेही ऐकले होते : "बाबा, आई आज विचारत होती, ते काचेत बसणारे गृहस्थ कोण?"

मामी चार महिन्यांपासून मुलाकडे होती. तिथे जायला दोन दिवस, यायला दोन. एकेक खोली रिकामी करत निघालेल्या भाडेकरूसारखी तिची आठवण तिला सोडून चालली होती. ओळख आहे तोवर येऊन जा, असे डॉक्टरांनी बजावले होते. आणि मामांना या खुर्चीवरून सलग तीन दिवस उठता येत नव्हते.

त्यांना कुणी दोरखंडाने बांधले नव्हते. बांधले होते ते एका कराराने, आणि तो लिहिला होता भाचीने.

परदेशी राबणाऱ्यांचा पैसा घरी पोहोचेपर्यंत वाटेतले दलाल त्याचे लचके तोडत. म्हणून तिने हा करार संगणकाच्या भाषेत लिहिला. त्याची वही शेकडो संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाई. एकाने खाडाखोड केली तर बाकीचे ती मानत नसत. इकडची रक्कम टाकली की तिकडची आपोआप निघे, मध्ये माणूस नाही. फक्त एका गोष्टीला माणूस लागे : परदेशी चलनाचा रोजचा भाव. तो बाजारातल्या तीन जुन्या चलनबदल्यांनी, म्हणजे मामांसारख्या नोटा बदलून देणाऱ्यांनी, सकाळी दहाच्या आत सांगायचा. दोघांचा जुळला की तो दिवसभर चालायचा. तीन दिवस भाव आला नाही, तर कुणीतरी दडपण आणते आहे असे समजून करार झोपी जायचा, आणि आतला पैसा कराराची मुदत संपेपर्यंत, म्हणजे आणखी सव्वादोन वर्षे, कुणाच्याही हाती लागायचा नाही.

"उद्या तूच म्हाताऱ्यांना उठवून आपली माणसं बसवशील," असे लोक म्हणाले, तेव्हा करार बदलण्याची एकमेव चावी तिने भर बाजारात सर्वांसमोर नष्ट केली. तेव्हापासून गल्लीत तिला 'कुलूपवाली' म्हणत. त्या दिवशी सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या होत्या त्या मामांनी. आणि करारातली सर्वांत कडक अटही त्यांचीच होती. "भाव घरात लोळत सांगायचा नसतो. गल्ल्यावर बसून, त्या सकाळी निदान एक नोट बदलून, मगच तोंड उघडायचं." म्हणून अंगठा ओळखणारे यंत्र गल्ल्याच्या लाकडात पक्के ठोकले होते, हलवले की ते मुके होई.

तिघांतला एक गेल्या हिवाळ्यात वारला. उरले समोरचे दमेकरी आजोबा आणि मामा. आता दोघांचेही अंगठे रोज लागत.

"पावणेदहा झाले," ती म्हणाली.

मामांनी फोन खाली ठेवला. "काढ बाई तुझी नोट."

बदलायला गिऱ्हाईक उरले नव्हते. सगळे करारातूनच बदलून घेत. म्हणून रोज सकाळी ती परदेशी नोट फटीतून आत सरकवे, मामा तिचे पैसे देत, अन् संध्याकाळी ती तीच नोट परत विकत घेई. हातांच्या घामाने नोट मऊ पडली होती. व्यापार मेला होता आणि त्याचे रोजचे श्वास ही दोघे मोजून भरत होती.

"उरलेल्या घरांनी काय कळवलं?" मामांनी विचारले.

"साडेसहाशे घरांचे पैसे अजून करारात आहेत. पैसे काढून घ्या म्हटलं, तर म्हणतात, छान चाललंय की, कशाला हात लावता?"

"मग खरं सांग त्यांना. म्हाताऱ्याला बायकोकडे जायचंय म्हण."

"सांगितलं तर सगळे एका दिवसात धावतील. करार रोज चाळीसपेक्षा जास्त घरांचे पैसे सोडत नाही. शेवटच्याची पाळी यायला सतरा दिवस. आणि या सतरा दिवसांत तुम्ही नसलात तर..."

"धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं." मामा हसले, पण ते हसू काचेच्या आतच राहिले. "सतरा दिवसांत ती मला काका म्हणायला लागेल. लग्न ठरताना म्हणाली होतीच, मुलगा जरा वयस्कर दिसतो."

तिला हसू आले नाही. तिने पिशवीतून एक चपटी डबी काढून फटीजवळ ठेवली. आत दात बसवणारे वापरतात तसला मऊ गुलाबी लगदा होता.

"हे काय?"

"अंगठा दाबा यात, मामा. मी साचा करते. आज दुपारच्या गाडीने तुम्ही निघा. रोज सकाळी मी आत बसेन. पडदा ओढून घेईन."

मामा डबीकडे बघत राहिले. रस्त्यावर कुणीतरी शटर वर ढकलले. तो आवाज दुकानभर घरंगळत गेला.

"आणि भाव?"

"तुम्ही फोनवर सांगाल तो."

"घरात लोळत."

तिने डबी फटीतून आत सरकवली.

"चावी मोडलीस तेव्हा उजेडात मोडलीस, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आता पडद्याआड अंगठे घडवणार? कुंपणच शेत खायला निघालं म्हणायचं."

"त्या दिवशी मामी तुमच्या शेजारी उभी होती," ती म्हणाली. "तुमच्या आधी टाळ्या तिने वाजवल्या होत्या. तेव्हा तिला माणसं ओळखू येत होती, मामा."

मामांचा चेहरा काचेमागे दिवा मालवावा तसा विझला. बोललेला शब्द तिला परत घ्यायचा होता. पण एकदा लिहिलेले पुसता येऊ नये अशीच तर सारी व्यवस्था तिने उभारली होती, आणि आता वाटत होते की तिची जीभही त्याच वहीत लिहिते आहे. मामा गेले तर साडेसहाशे घरांच्या चुली तिच्या गळ्यात. साचा केला तर लोकांनी जिला भ्यावे तीच बाई ती होणार. मामा राहिले तर मामीच्या डोळ्यांतून एक माणूस कायमचा पुसला जाणार, आणि ते पुसणारे हात तिचेच असणार. ज्या भिंतीकडे वळावे, ती तिनेच बांधलेली.

मामांनी नोट उलटसुलट करून गल्ल्यात टाकली, यंत्रावर आकडे दाबले, अंगठा टेकवला. समोरच्या आजोबांचा भाव आधीच आला होता. हिरवा दिवा लागला. साडेसहाशे घरांचा आणखी एक दिवस सुटला.

मग त्यांनी डबी जवळ ओढली. अंगठा लगद्याच्या वर धरला, इतका जवळ की अंगठ्याची सावली त्यावर पडली. मग मामांनी तो मुठीत मिटून घेतला. डबीचे झाकण लावून त्यांनी ती फटीतून बाहेर सरकवली. गुलाबी लगद्यावर रेघही उमटली नव्हती.

खुर्ची मागे सरली. त्यांनी खुंटीवरचा कोट काढला, खिसे चाचपले. काचेला वळसा घालून ते बाहेर आले तेव्हा एकदम बुटके वाटले. काचेत बसलेला माणूस इतका लहान असेल असे तिला कधी वाटले नव्हते.

"मामा, उद्या येताय ना?"

ते उंबऱ्यापाशी थांबले. त्यांनी 'हो' म्हणावे की 'नाही', यांतले नेमके काय ऐकायचे आहे, हे तिला ठरवता येईना.

"मामा?"

त्यांनी कोटाची कॉलर सारखी केली, पायरी उतरली, आणि मागे न बघता चालू लागले.