उडी देणारा

देशभक्ताच्या पोशाखाचे हूक पाठीवर होते. बायकोने ते मुद्दाम तिथे लावले होते. पुढे लावले असते तर तो आपला आपण तयार होऊन रिंगणात गेला असता आणि तिला विचारलंही नसतं. ती वारल्यापासून हूक लावायचं काम परक्याकडे आलं होतं.

परका म्हणजे त्याचा जुना दोस्त. उमेदीच्या काळात तो कंपनीच्या ठरवून खेळलेल्या कुस्त्यांत परदेशी खलनायक व्हायचा. मिशी बदलली की त्याचा देश बदलायचा. लोक त्याला पोटभर शिव्या द्यायचे. मग देशभक्त खांद्यावर झेंडा घेऊन यायचा, त्याला डोक्यावर उचलून आपटायचा आणि लोक खूश होऊन घरी जायचे. हे दोघेही घरी जायचे, देशभक्ताच्याच घरी, आणि शेजारी शेजारी बसून जेवायचे. पुढे परक्याचे गुडघे गेले आणि कंपनीच्या मालकाने त्याला पंच केलं. नाव मात्र परकाच राहिलं.

"पोट आत घे," परका म्हणाला.

"पोट नाही, हूकच आखडलेत."

"हो तर. वय झालं की हूक आखडतात. डॉक्टरपण तेच सांगतात."

तेवढ्यात दार ढकलून मालक आत आला. त्याच्या मागे खांब होता. खांब म्हणजे कंपनीतला नवा पैलवान, उंच आणि लाजाळू. त्याने दोन्ही हात अंगापासून लांब धरले होते, हात ओले असताना माणूस धरतो तसे. कोपरापर्यंत ते हात जांभळे रंगवलेले होते.

ते हात कोणाचे, हे खोलीत कोणाला सांगायची गरजच नव्हती. पुलापलीकडे कापड रंगवायचा कारखाना होता. तिथली माणसं दोन पिढ्या पिंपात हात घालून कापड रंगवत आली होती आणि तो रंग काही केल्या हातांवरून जायचा नाही. सारं गाव त्यांना जांभळे म्हणायचं. पूर्वी नुसतंच म्हणायचं. अलीकडे गावातली बाकीची कामं बंद पडली, पण रंगाचा कारखाना चालू राहिला. तेव्हापासून तो शब्द दात आवळून यायला लागला होता.

देशभक्ताची बायको पुलापलीकडची होती. तिची नखं शेवटपर्यंत जांभळी होती.

"परदेशी आता कोण बघतो?" मालक म्हणाला. "लांबचा शत्रू लांबच राहतो, लोकांना माहीत झालंय. त्यांना जवळचा पाहिजे. हा झेंड्याला हात लावेल. तू याला आपटायचं आणि झेंडा याच्या छातीवर रोवायचा. सगळ्या खुर्च्या भरल्यात आज."

"मालक, माझी बायको..."

"वहिनी वेगळ्या होत्या रे. वाटायच्यासुद्धा नाहीत त्यांच्यातल्या."

"तुम्ही तिचे हात बघितलेच नाहीत. ती वाढायची तेव्हा तुमचं लक्ष ताटात."

मालकाचं तोंड जरा उतरलं, पण तो मागे हटणारा नव्हता. "तुला नसेल जमत तर राहू दे. खांब देशभक्त होईल, याच्या जागी दुसऱ्या कोणाचे हात रंगवू. झेंडा कंपनीचा आहे, माणसं बदलता येतात. पण आज पोशाख तुझ्या अंगात आहे, तूच जा."

तो निघून गेला. जाताना खांबाला म्हणाला, "कुठे हात लावू नको, रंग स्वस्तातला आहे."

देशभक्त बाकावर बसला. त्याला निघून जाता आलं असतं. पण तो गेला असता तर एकटाच गेला असता. झेंडा इथेच राहिला असता, दुसऱ्या कोणाच्या तरी छातीवर रोवायला. आणि झेंडा कंपनीचा कसा? पुलापलीकडे रंगवलेलं कापड तिने स्वतः आणलं होतं आणि दिवाणखान्यात मशीन मांडून शिवलं होतं. दर पावसाळ्यानंतर ती त्याच्या कडा नव्याने दुमडायची. या धंद्यात सगळं ठरलेलं असतं, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण झेंडा खांद्यावर घेताना त्याच्या अंगावर काटा यायचा, तो कोणी ठरवलेला नव्हता. आपला देश म्हणजे आपली सगळी माणसं, एवढं त्याला कळत होतं. त्यापलीकडचं कळायची त्याला कधी गरज पडली नव्हती.

"काय करणार?" परक्याने विचारलं.

"कुस्ती," देशभक्त म्हणाला. "आणि तू पंच आहेस, तू पंचाचं काम कर."

बाहेरच्याला या धंद्यातली एक गोष्ट ठाऊक नसते. इथे कोणी कोणाला उचलत नाही. ज्याला उचलायचं तो स्वतः उडी देतो. त्याने उडी दिली नाही तर हत्तीच्यानेही तो हलणार नाही. इतकी वर्षं परक्याने उडी दिली म्हणून देशभक्त बलवान ठरला होता. आणि दुसरं असं की, पडणं मात्र खरं असतं. फळ्यांवर पाठ आपटते ती नाटक करत नाही.

बायकोने एकदा विचारलं होतं, "तुमच्या या खोट्या कारभारात खरं काय ते सांग."

"पडणं खरं," तो म्हणाला होता.

"म्हणजे खरं काम परका करतो आणि हार तुझ्या गळ्यात! एकदा पडून बघ तू."

ती बराच वेळ हसत होती. परक्याने तिच्याकडून जास्तीची भाकरी मागून घेतली होती.

रिंगणात दिवे लागले. खांब वर चढला, त्याने हात उंच करून दाखवले आणि लोक उठून उभे राहिले. "जांभळा! जांभळा!" परक्याला लोक शिव्या द्यायचे तेव्हा त्यात मजा असायची. पोरं खिदळायची, एक म्हातारी तर शिव्या देऊन झाल्यावर त्याला खोकल्याचं औषध सांगायची. आजच्या ओरडण्यात कोणी हसत नव्हतं.

वर शेवटच्या रांगेत देशभक्ताचा मेहुणा बसला होता, कारखान्यातल्या चार मित्रांना घेऊन. प्रत्येक कुस्तीला तो यायचा आणि सगळ्यांत जास्त टाळ्या त्याच्याच असायच्या. आज पाचही जणांचे हात खिशात होते.

देशभक्ताने ते पाहिलं. त्याने झेंडा कोपऱ्यातल्या खांबणीला लावला आणि मध्यभागी आला.

सुरुवातीची धरपकड ठरल्याप्रमाणे झाली. मग खांबाने त्याला कमरेला मिठी मारली. इथे देशभक्ताने त्याला झिडकारून आपटायचं होतं.

"काका, ढकला आता," खांब कानाशी कुजबुजला.

"उचल."

"काय?"

"उचल म्हणतो ना. मी उडी देतो."

"पण हरायचं मी आहे, काका!"

"तू हर नंतर कधीतरी. पुष्कळ आयुष्य पडलंय तुला."

आणि त्याने उडी दिली. जन्मात कधी दिली नव्हती तशी, पूर्ण अंगाची. खांबाला वाटलं आपल्या हातांत पोतं नाही, पक्षी आलाय. दोघे वर गेले आणि देशभक्त पाठीवर आपटला. फळ्या वाजल्या. त्याच्या छातीतली हवा गेली. वरचे दिवे जरा वेळ एकमेकांत मिसळले. 'परक्या, हे तू इतकी वर्षं सोसलंस होय,' असं त्याच्या मनात आलं.

परका दुखऱ्या गुडघ्यांवर खाली बसला. "ऊठ की गाढवा," तो ओठ न हलवता म्हणाला.

"खांदे टेकलेत का?"

"टेकलेत."

"मग मोज."

परक्याने एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि फळीवर हात मारला. एक. खालून मालक ओरडला. दोन. परक्याने कान बहिरे केले. तीन.

मग तो उठला आणि त्याने खांबाचा जांभळा हात वर केला.

देशभक्त कण्हत उठला, झेंडा काढला आणि खांबाच्या त्या हातात दिला. मग लोकांकडे वळला. त्याचा आवाज मुळातच मोठा होता.

"हे कापड पुलापलीकडच्या हातांनी रंगवलंय. माझ्या बायकोने शिवलंय. ज्याला या हातांचा त्रास होतो त्याने आधी हा झेंडा धरणं सोडावं. आणि कोणाला माझ्याशी बोलायचं असेल तर वर या. मला आता पडता येतं, मला कसली भीती?"

कोणी वर आलं नाही. शिव्या मात्र आल्या. "गद्दार! म्हातारा फितला!" एक बाटली दोराला लागून फुटली. देशभक्त जागचा हलला नाही. आजवरच्या टाळ्या मालकाने ठरवून दिलेल्या होत्या. या शिव्या त्याने स्वतः कमावल्या होत्या, आणि त्या त्याने मान ताठ ठेवून घेतल्या.

वरच्या रांगेत मेहुण्याने खिशातून हात काढले. टाळी एकट्याची होती, पण कारखान्यात काम करून त्याचे पंजे फावड्याएवढे झाले होते. मग त्याच्या मित्रांनी हात काढले. मग कुठून तरी त्या खोकल्याच्या औषधवाल्या म्हातारीची टाळी आली.

खोलीत मालक वाट बघत उभा होता. "तुझं इथलं काम संपलं. झेंडा ठेव आणि मागच्या दाराने जा. पुढे लोक वाट अडवून उभे आहेत."

"झेंडा नेतोय. काढून घ्यायचा तर घ्या."

मालकाने खांबाकडे पाहिलं. खांब दारात उभा होता, झेंडा त्याच्याच हातात होता. कोपरापासून मनगटापर्यंत घामाने रंगात ओघळ पडले होते. त्याने झेंड्याची नीट गुंडाळी केली आणि देशभक्ताच्या काखेत दिली. "काका, उडी छान होती," तो म्हणाला.

"वळ, हूक काढतो," परका म्हणाला. मग थांबला. "अरे, पाठीवर डाग पडलेत. दोन्ही पंजे उमटलेत पोराचे. जातील धुतल्यावर."

"नको जाऊ देत. आणि हूक राहू दे. असाच जातो."

मेहुणा बाहेरून आत डोकावला. त्याचे डोळे लाल होते, पण जीभ जागेवर होती. "भाऊजी, पडता येतं की तुम्हाला! ताईला काय काय सांगायचात, माझी पाठ कधी लागत नाही म्हणून."

"लागली रे आज. चांगली लागली."

"चला, मागून गाडी आणलीय मी."

"लोक पुढे आहेत ना?" देशभक्त म्हणाला. "मग पुढूनच जाऊ."

"हळू चाल मग," परका म्हणाला. "माझे गुडघे आहेत."

ते पुढच्या दारातून बाहेर पडले. गर्दी होती. देशभक्त कोणाला ढकलत नव्हता, कोणाला वाट देत नव्हता. जे बाजूला झाले त्यांच्यामधून तो सावकाश गेला, पाठीवरचे ते दोन जांभळे हात मागच्या सगळ्यांना दिसतील असा.