जागा धरणारी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. माझा एक हात मोडला आहे आणि बैठकीच्या वेताच्या जागी आता फळी ठोकली आहे. सुताराने मला घडवले तेव्हा तो म्हणाला होता, "ही पन्नास वर्षं डगमगणार नाही." एका घड्याळजीच्या दुकानात मी पंचवीस वर्षे राबले. दुकान बंद पडले आणि माझी रवानगी रस्त्यावर झाली.

आमच्या गल्लीची एक रीत होती. गाडी बाहेर काढली की परत येईपर्यंत जागेत खुर्ची, बादली, नाहीतर फुटकी कुंडी ठेवायची. घड्याळजीकाका आठवड्यातून तीन सकाळी काकूंना डायलिसिसला नेत. येताना काकूंचे पाय लटपटत. गाडी दाराशी लागली तर अकरा पावलांत त्या घरात पोहोचत. त्या अकरा पावलांसाठी मी ऊनपाऊस सोसला, आणि मला त्याचा अभिमान वाटे.

मग बातमी आली की आमच्या कडेने सायकल मार्गिका होणार आणि पार्किंग जाणार. रहिवाशांनी हरकत घेतली, तेव्हा महापालिकेच्या कार्यालयाने गाड्या मोजायला माणूस पाठवला. तो नेमका डायलिसिसच्या दिवशी आला. बहुतेक गाड्या कामावर गेल्या होत्या. माझ्यासमोर थांबून त्याने लिहिले, 'रिकामी'. चार शेजारी खिडकीतून बघत होते. खाली कोणीच उतरले नाही. खुर्चीने जागा धरली आहे, म्हणजे झालेच की, असे त्यांना वाटले!

पुढे गल्लीतच सभा भरली. काका माझ्यावरच बसले होते. महापालिकेच्या साहेबांनी मोजणीचा कागद वाचला, "बत्तीस जागा. गाड्या उभ्या होत्या नऊ."

"अहो, बाकीच्या जागा धरलेल्या होत्या," काका म्हणाले. "खुर्च्या होत्या ना तिथे."

"काका, आम्ही गाड्या मोजतो. खुर्च्यांना कुठे पार्किंग लागतं?"

लोक हसले. खिडकीतले चौघेही हसले.

मार्गिका झाली. सायकलवाल्यांवर माझा राग नाही, त्यांनाही जीव आहे. पण आता गाडी दोन गल्ल्या सोडून लागते. काका एका हाताने काकूंना धरतात, दुसऱ्या हातात मला. वीस पावले झाली की मला टेकवतात, काकू बसतात आणि दम खातात. काल त्या म्हणाल्या, "अहो, उरलेलं उद्या चालू या का?"

काकांनी त्यांना हात देऊन उठवले आणि मला उचलले.

मित्रांनो, शेजारचा माणूस दवाखान्यात असेल आणि त्याच्या दाराशी कोणी मोजणीला आले, तर चार पायऱ्या उतरून खाली या. त्याची अडचण तोंडाने सांगा. माझ्या भरवशावर राहू नका. मी इमानाने उभी राहिले, आणि काकूंची जागा माझ्यामुळेच गेली.