कठड्याकडची जागा

सासऱ्यांचं मनगट मोडलं तेव्हा मी आधी त्या सायकलवालीवर तोंडसुख घेतलं. बिचारी स्वतःचा फुटलेला गुडघा घेऊन त्यांना दवाखान्यात घेऊन आली होती आणि एकच पालुपद लावून बसली होती. "मी घंटी वाजवली हो. ते बाजूला व्हायचे सोडून माझ्याच पुढ्यात आले." मला ते पटलं नाही. माणूस उगाच चाकाखाली कशाला जाईल?

नवऱ्याने निकाल देऊन टाकला, "बाबांचं फिरणं बंद." कालव्याकाठची ती वाट चालणाऱ्यांना आणि सायकलींना एकच आहे, मधे साधी रेघसुद्धा नाही. पण सासूबाई गेल्यापासून सासऱ्यांचं सकाळचं ते फिरणंच तेवढं उरलं होतं. तेही काढून घेतलं तर हा माणूस खुर्चीत बसल्या बसल्या संपेल, हे मला दिसत होतं. नवऱ्यालाही दिसत असणार, पण तो घाबरला की हुकूम सोडतो.

"प्लास्टर निघालं की एक सकाळ मला दे," मी म्हटलं. "मग काय ते ठरव."

मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते आणि त्याच वाटेने सायकलवर कामाला जाते. त्या सकाळी सायकल हातात धरून मी त्यांच्या मागे, जरा अंतर ठेवून चालत राहिले.

सासरे वाटेच्या मधोमध चालत होते. डाव्या हाताला पाण्याकडचा कठडा, आणि कठडा नि ते यांच्यामध्ये एक माणूस आरामात मावेल एवढी मोकळी जागा. मागून येणाऱ्याला ती दिसायची आणि तो घंटी बडवत तिथूनच घुसायचा. एकाला मी अडवून सुनावलं, की पुढे जायचं ते उजवीकडून, वेग कमी करून, आणि घंटी वाजवली म्हणून वाट काही तुझ्या बापाची होत नाही. पण सासरेही घंटी ऐकली की दर वेळी डावीकडेच सरकत होते, थेट चाकापुढे. ती सायकलवाली खरं बोलत होती. मला वाईट वाटलं.

छापखान्यात यंत्राशेजारी उभं राहून त्यांचा डावा कान कायमचा गेलाय. एकाच कानाने ऐकणाऱ्याला आवाजाची दिशा कळत नाही, त्यांना प्रत्येक घंटी उजवीकडूनच आल्यासारखी वाटते. इतकी वर्षं निभावलं, कारण डावीकडे सासूबाई असायच्या. "मी बहिऱ्या बाजूने चालते म्हणून आमचा संसार टिकला," असं त्या हसत सांगायच्या. त्या बाजूने सायकल घालायला वावच नसायचा.

मी भराभर पुढे होऊन त्यांना उजवीकडून गाठलं.

"बाबा, डाव्या कडेला अगदी लागून चालत जा. बहिरा कान कठड्याकडे, चांगला कान वाटेकडे. मग सायकल उजवीकडूनच जाईल, आणि तुम्ही डावीकडे सरकलात तरी काही बिघडणार नाही."

त्यांनी नीट ऐकून घेतलं. "बरोबर आहे तुझं," म्हणाले. कठड्याकडे एक पाऊल टाकलं आणि थांबले.

"मग ती कुठून चालणार?"

त्यांना भ्रम वगैरे झाला नव्हता. सासूबाईंना स्वतःच्या हातांनी पोचवून आलेला माणूस तो. बाजारातून काय आणायचं ते विचारावं तितक्या साध्या आवाजात त्यांनी विचारलं होतं, आणि खरंच उत्तराची वाट बघत होते.

मागून घंटी वाजली. मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना कठड्यापर्यंत नेलं. सायकल उजवीकडून निघून गेली. सासरे त्या जागेत उभे राहिले आणि रडले, सासूबाई गेल्यावर पहिल्यांदाच.